नाणी नव्हे, हात धुवायचे

नाशिकला नोकरी लागली आणि पाठोपाठ मला जुन्या नाण्यांचा नाद लागला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. गोदावरीचं पाणी उतरलं की काही जण गाळ चाळून, भाविकांनी नदीत टाकलेली नाणी काढायचे. रविवारी मी घाटावर जाऊन त्यातली जुनी निवडून विकत घ्यायचो. घरी आलो की थेट स्वयंपाकाच्या ओट्यावर मांडायचो. एखाद्यावरचं साल दिसेना झालं, की अंगठा जिभेला लावून त्यावरून फिरवायचो.

बायको सरकारी दवाखान्यात परिचारिका. तिला हे बघवत नसे.

"अगं, पैशाला कधी विटाळ असतो का?" मी हसण्यावारी न्यायचो.

"विटाळाचं कोण बोलतंय? किती हातांतून, कसल्या कसल्या चिखलातून आलंय ते बघा की."

एकदा तारेच्या ब्रशनं नाणं घासताना नखाजवळ खरचटलं. मी तसाच घासत राहिलो. दुसऱ्या दिवशी बोट टम्म सुजलं, ठणका लागला, अंगात ताप भरला. बोलून दाखवायची चांगली संधी होती, पण तिनं आधी रिक्षा बोलावली. दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी पू काढला, पट्टी तिनं स्वतः बांधली. येताना द्वारका चौकात रिक्षा अडकली होती, तेव्हा मीच म्हणालो, "देऊन टाकतो सगळी नाणी कुणाला तरी."

"कशाला? नाण्यामुळेच झालं, असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. पण उघड्या जखमेनं त्या घाणीत हात घालायचा नाही. छंद राहू दे, पद्धत बदला."

बोट बरं होईपर्यंत तिनंच तांब्याची काही नाणी चिंच लावून घासली. देवाची भांडी निघावीत तशी लख्ख निघाली. आम्ही दोघं कौतुकानं ती एका जाणत्या संग्राहकांकडे घेऊन गेलो. त्यांनी एक नाणं उचललं आणि त्यांचा चेहराच पडला.

"अहो, याची कांतीच घालवलीत की! इतक्या वर्षांनी चढलेला रंग तो. पुन्हा नाही यायचा."

मला वाटलं, आता ही वाद घालणार. स्वच्छतेच्या बाबतीत ती भल्याभल्यांचं ऐकत नसे. पण तिनं शांतपणे विचारलं, "मग मळ तसाच ठेवायचा?"

"सुटी माती साध्या पाण्यानं जाऊ द्या, मऊ कापडानं टिपा. घासू मात्र नका. आणि धरायचं कडेनं."

परतताना बसमध्ये तिनं नाण्यांची पिशवी मांडीवर घेतली. मग एकदम म्हणाली, "खरंय त्यांचं. दवाखान्यात आम्ही पेशंटला थोडंच घासून काढतो? हात आपले धुतो."

घाणीचा इतका तिटकारा असलेल्या बाईनं त्या दिवसापासून नाण्यांवरचा काळा-हिरवा थर तसाच राहू दिला, आणि नियम मला लावले. नाणी ओट्यावरून गॅलरीतल्या टेबलावर गेली. खाली जुनं वर्तमानपत्र, शेजारी वेगळा नॅपकिन. नाणी बाहेर असली की चहा नाही, डोळे चोळणं नाही. हात नंतर तर धुवायचेच, आधीही धुवायचे. आपल्या घामानं नाण्यांवर डाग पडतात, हे तीच कुठूनतरी विचारून आली होती. हळूहळू तीही भिंग घेऊन शेजारी बसू लागली. पुसट अक्षरं तिला माझ्याआधी लागत.

पुढे दोन हजारनंतर एका वर्षी कॉलनीच्या गणपतीत मी नाणी मांडली. वर काच ठेवणार होतो. ती म्हणाली, "हातात घेतल्याशिवाय काय कळणार लोकांना? चांदीची ठेवा काचेखाली. बाकीची घेऊ दे हातात." मंडपाच्या दाराशी तिनं पाण्याची बादली, तांब्या आणि साबण ठेवला आणि स्वतः उभी राहिली.

शेजारच्या एक आजी आल्या. भोकाचा पैसा दिसताच त्यांनी तो उचलून डोळ्यांना लावला. "आमच्या लहानपनी ह्ये पोरांच्या करगोट्यात ओवायचे रे!" मी धास्तावून बायकोकडे पाहिलं. ती हसत पुढे झाली. आजींची आठवण पुरती सांगून होईपर्यंत थांबली, मधूनमधून विचारतही राहिली. मग त्यांना दाराशी नेऊन हातावर पाणी घातलं, ओंजळीनं चेहराही धुवायला लावला आणि पुसायला स्वतःचा रुमाल दिला.

"लय गुणाची हाय तुझी बायको," जाताना आजी मला म्हणाल्या.

मी तिच्याकडे पाहिलं. रांगेतल्या पुढच्या माणसाच्या हातावर ती पाणी घालत होती.