अव्वाची पहिली भाकरी

“घास टाका! कुणी गिळू नगा! ब्याड, ब्याड!”

अव्वा चुलीपुढून ओरडत आली आणि आमच्यापुढची ताटं हिसकावू लागली. गिरणीचा भोंगा लाजावा असा तो आवाज; घाबरली की ‘नको’ऐवजी तिच्या तोंडी कानडी ‘ब्याड’ यायचं. घास आमच्या तोंडातच राहिले.

सात रस्त्याजवळच्या तिच्या खाणावळीत जेवलेल्यांना अव्वा सांगायला नको. बाकीच्यांनी ऐका. तिच्या मते ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाणाऱ्याला मरायला सवडच मिळत नसे. सर्दीला हुलग्याचं माडगं, तापाला ताकातल्या कण्या. “दवाखाना कुटं हाय ते मला ठावं न्हाय,” असं ती मिरवायची. खोटं कशाला सांगू, तिच्या भाकरीनं मी विंचू मारलाय आणि उरलेली भाकरी दुधात कुस्करून खाल्लीय.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पांढरी ज्वारी दिसेनाशी झाली, रेशनवर परदेशची लाल मिलो ज्वारी आली. तिच्यात धोतऱ्याचं बी असतं, खाणारा आधी बरळतो, मग जातो, असं रांगेतच कानावर यायचं. दुसरं धान्य नव्हतं. अव्वा परातीवर वाकून मिलो निवडत बसे. नजर अधू, प्रत्येक काळ्या दाण्यात तिला यम दिसे. आता येईल त्याला ती हळूच विचारी, “दवाखाना कुटं हाय रं?”

आणि जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवणारी अव्वा आमच्याआधी जेवू लागली. पहिली भाकरी उतरली की कोरडीच खायची. मग मांडीवर हात ठेवून गप्प बसायची. तोवर कुणाला तुकडा मिळत नसे.

“अव्वा, दुष्काळात तुझीच भूक वाढली की,” आम्ही चिडवायचो. ती हसायची नाही.

त्या दिवशी गिरणीची पाळी चुकेल म्हणून आम्ही थांबलो नाही, आपल्या हातानंच वाढून घेतलं. तेवढ्यात ती ओरडली. तिच्या डोळ्यांतल्या काळ्या बाहुल्या डोळाभर पसरल्या होत्या. शेवटचं ताट उपडं केलं आणि ती तिथंच कोसळली.

टांग्यात घालून दवाखान्यात नेली. आमच्यातला एकही तिला ओळखू येईना. कोरड्या ओठांनी पुटपुटत ती चादरीवरून नसलेले दाणे वेचत होती, वेचून खाटेखाली टाकत होती. आम्ही धिप्पाड गिरणी कामगार भिंतीला पाठ लावून उभे. तिची बोटं थांबली की आमचा श्वास थांबायचा.

दुसऱ्या दिवशी तिनं मला नावानं हाक मारली. मी विचारलं, “अव्वा, तू रोज आमच्याआधी का जेवायचीस?”

तिनं भिंतीकडं तोंड केलं.

“भूक लागायची.”