खोक्यावरच्या चित्रातला क्लॅम्प

भडगावचे वना सुतार गेल्या हिवाळ्यात माझ्या जळगावच्या दुकानात मशीन घ्यायला आले, तेव्हा त्यांच्या डाव्या हाताची तीन बोटं बधिर झालेली होती आणि त्यांनी ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. तुम्हाला आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्या हाताकडे मी बघायला हवं होतं, त्याकडे तुम्ही तरी बघाल.

वनाभाऊ माझे वीस वर्षांचे गिऱ्हाईक. बोलणं मोजकं, पण कामाचा ताठा भारी. दाराच्या चौकटीभोवती लागणाऱ्या पट्ट्यांचा कोपरा जुळवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. सांधा बसला की त्यावरून बोट फिरवायचे, केसाएवढी फट असली तरी सांगायचे. त्याआधी काही महिने माझ्याच घराच्या दारांचं काम केलं, तेव्हा मात्र प्रत्येक सांधा गालाला लावून बघत होते. "वनाभाऊ, लाकडाचे मुके कसले घेताय?" मी चिडवलं. ते नुसते हसले. शुगरने बोटांची जाणीव गेली होती, म्हणून गाल. एवढं माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

लपवण्याचं कारण उघड आहे. ज्याच्या हाताला कळत नाही अशा सुताराला कामावर कोण बोलावणार? आणि वनाभाऊंना दुसरं काही येत नाही.

त्या दिवशी बरोबर त्यांच्या बायको ताईबाई होत्या. पट्ट्या घासणं, पॉलिश करणं ही कामं त्याच करतात. दोघं मोटारसायकलवर गावोगाव जातात, म्हणजे मशीन मागे बसणाऱ्या ताईबाईंच्याच मांडीवर येणार. मी काउंटरवर दोन मायटर सॉ ठेवले. पट्टी हव्या त्या कोनात धरायची, वरून फिरतं पातं खाली आणायचं, की सरळ काप. एक मोठं, एक आटोपशीर. ताईबाईंनी पदर खोचला, दोन्ही उचलून बघितली आणि लहानावर हात ठेवला.

"हलकं शे. हाईच ल्या."

वनाभाऊंची नजर मोठ्यावरून हटेना. का, ते आता कळतं. लहान मशीनची बैठक आखूड असते, पट्टी धरणारा हात पात्याच्या जवळ येतो. मोठ्यावर तो लांब राहिला असता. पण मी म्हटलं, "मोठं घेऊन तीन जिने कोण चढणार? तुमच्यासारख्या कसबी माणसाला लहान पुरे." असं म्हटल्यावर कोणता सुतार नाही म्हणेल?

ताईबाई मघापासून रिकामं खोकं फिरवून बघत होत्या. वाचता येत नाही त्यांना. त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. चित्रात पट्टी एका लोखंडी क्लॅम्पने आवळलेली होती आणि माणसाचा हात पात्यापासून लांब होता.

"शेठ, चित्रमा हाई शे, मग मशीनवर काबरं नही?"

"अक्का, ते चित्रापुरतं असतं," मी जरा खेकसलोच. "आवळा, सोडा, त्यात वेळ जातो. कुणी वापरत नाही." खरं तर मीच तो काढून काउंटरखालच्या डब्यात टाकतो. गिऱ्हाइकांना अडचण नको म्हणून.

त्यांनी खोकं खाली ठेवलं. वनाभाऊंनी पिशवीतून वीतभर सागवानी पट्टी काढली. मी लहान मशीनवर कोन लावून दिला. "डाव्या हाताने दाबून धरा," हेही मीच म्हणालो.

पातं गरगरलं. वनाभाऊ आधी जरा थबकले, एकदा बायकोकडे बघितलं आणि मशीन खाली ओढलं. ताईबाईंनी माझ्या काउंटरची कड घट्ट धरली होती. मला वाटलं, आवाजाला घाबरल्या.

काप झकास आला. पातं थांबल्यावर वनाभाऊंनी एक तुकडा उलटवून दुसऱ्याला भिडवला. काटकोन जुळला. उजेडाची रेघही दिसेना. ते खुशीत सांधा गालाकडे नेऊ लागले आणि सांध्यावर लाल ओघळ उतरला.

ते थांबले. माझ्या हातांकडे बघितलं, मग बायकोच्या.

"शेठ, तुमले लागनं का?"

त्यांच्याच डाव्या तर्जनीचं टोक नखासकट सोललं होतं, रक्त मनगटापर्यंत आलं होतं आणि माणूस माझी जखम शोधत होता.

ताईबाईंनी बोट पदरात आवळलं. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत.

"दिवाईपासून माहीत शे माले," त्या म्हणाल्या. "चहाना गरम गिलास तुम्ही मुठमा धरी बसतस."

"मंग बोलनी काबरं नही?"

"तुम्ही सांगशात म्हनीसन वाट दखत व्हती."

वनाभाऊंचा चेहरा मला बघवेना. त्यांनी उजव्या हाताने मशीन माझ्याकडे सरकवलं. "ऱ्हाऊ द्या शेठ. मशीन घीसन आते काय करसू?"

दवाखाना समोरच्या गल्लीत होता. "आधी टाके घालू," मी म्हणालो. पण ताईबाई खोकं उचलून माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि चित्रावर पुन्हा बोट ठेवलं. या खेपेला माझी खेकसायची टाप नव्हती. मी खाली वाकलो, तेलाचा जुना पत्र्याचा डबा ओढला आणि काउंटरवर उपडा केला.

क्लॅम्पचा ढीग पडला. त्यातला एक त्यांनी निवडला, मशीनच्या भोकात बसवला, तुकडा आवळला आणि सगळा जोर लावून ओढून बघितला. तुकडा हलला नाही.

"एक हात पुरे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "दवाखानामाईन ईसन हाईच लेवानं."

परत येऊन हेच मशीन घ्यायला वनाभाऊंनी मान डोलावली. दोघं पायरीपर्यंत गेले आणि ताईबाई वळल्या. उरलेल्या ढिगाकडे त्यांनी बोट दाखवलं.

"शेठ, हाई बठ्ठं कोनं शे?"

ते सगळं कुणाकुणाचं, हे शोधायला मी विक्रीची वही उघडली.