टीव्हीच्या बाजूने

“तू टीव्हीच्या बाजूने बोल,” बाई म्हणाल्या. “आईवडिलांच्या बाजूने बोलायला तुमच्या घरी आहे काय?”

सगळा वर्ग हसला. मीही हसले. माझ्या त्या हसण्याची चीड मला आजही येते.

अंबरनाथची शाळा, नववीचा वर्ग, ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. वादविवाद स्पर्धेचा विषय होता: मुलांवर प्रभाव कुणाचा, आईवडिलांचा की दूरदर्शनचा? माझे वडील कामाला होते त्या कंपनीच्या बंगल्यात राहणाऱ्या साहेबांची मुलगी आईवडिलांच्या बाजूने बोलणार होती. तिच्या घरी रंगीत टीव्ही. मी टीव्हीच्या बाजूने, आणि आमच्या खोलीत टीव्हीच नव्हता. शेजाऱ्यांच्या उंबऱ्याशी बसून बघायचे, तेही त्यांनी दार लावून घेतलं नाही तर. बाईंनी हे विचारलंसुद्धा नाही. वस्तीतली पोरं टीव्हीनेच वाढवलेली, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

तेव्हा आमच्या शाळेत भाषण मुलं लिहायची नाहीत. बाई लिहून द्यायच्या, आपण पाठ करायचं. हातवारेसुद्धा त्याच शिकवायच्या. माझ्या भाषणात होतं: “माझे वडील निरक्षर आहेत. मला द्यायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. मला बोलायला शिकवलं ते दूरदर्शनने.”

आणि खरं सांगते, मला ते पटलं होतं. सांगताना शरम वाटते. बातम्या वाचणाऱ्या बाईसारखं बोलायचं म्हणून मी घरात वडिलांना टोकायचे. आम्ही वडिलांना दादा म्हणायचो. “दादा, ‘न्हाई’ काय? ‘नाही’ म्हणा.” ते ओशाळून हसायचे. मालिकेतला कामगार दारू पिऊन बायकोला मारायचा. दादांनी कधी बाटलीला हात लावला नव्हता. तरी ते पाळीवरून आले की मी आधी त्यांची चाल बघायचे. सख्ख्या बापाची.

स्पर्धेच्या दिवशी दादा आले. मी सांगितलं नव्हतं, आईने सांगितलं असणार. रंगाच्या कारखान्यातून थेट, बोटं निळी तशीच. पालकांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. बाई त्यांना म्हणाल्या, “बसू नका हं, खुर्चीला रंग लागेल.” दादा मागच्या भिंतीशी उभे राहिले.

मी सुरू केलं. आवाज खणखणीत. ती तीन वाक्यं आली, मी बोलले. पुढच्या रांगेतल्या साहेबलोकांनी खूश होऊन टाळ्या वाजवल्या. मी मागे बघितलं. दादाही टाळ्या वाजवत होते.

त्यांनी शब्द न् शब्द ऐकला होता. आणि त्यांना ते खरं वाटलं होतं. पोरीला द्यायला आपल्याकडे काही नव्हतं, हे मान्य करून माझा बाप टाळ्या वाजवत होता.

माझं डोकं सणकलं.

कारण माझा हा आवाज टीव्हीचा नव्हताच. कंपनीच्या फाटकावर नोटीस लागली की दादा मला घेऊन जायचे. मी चौथीत असल्यापासून. वीस-पंचवीस कामगार उभे, मी एका दगडावर, आणि नोटीस मोठ्याने वाचायची. घाई केली की दादा म्हणायचे, “दमानं. मागच्याला बी ऐकू गेलं पायजे.” रात्रपाळी बंद होणार, माणसं कमी होणार, हे मी वाचलंय. ज्यांना काढलं त्यांची नावं त्यांच्याच तोंडासमोर वाचलीत. बोलायला मी तिथे शिकले.

स्टेजवरूनच मी म्हणाले, “हे भाषण मी लिहिलेलं नाही. बाईंनी लिहून दिलंय. आणि ते खोटं आहे.”

बाईंनी वेळ संपल्याची घंटा वाजवली. मी फाटकाचं सांगितलं, नोटिशींचं सांगितलं. घंटा वाजतच होती. शेवटी त्यांनी मला दंडाला धरून खाली उतरवलं. “उद्धट कार्टी! वळणच नाही.”

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी दादांना बोलावलं. मुलीला बाईंची माफी मागायला सांगा, म्हणाले. दादांनी मला विचारलं, “खोटं बोल्लीस का तू?”

“आधी बोलले. नंतर नाही.”

“मग माफी माजी माग. बाईंची न्हाई.”

मी मागितली. तिथेच, मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर. त्यानंतर शाळा संपेपर्यंत मला एकदाही स्टेजवर चढू दिलं नाही.

लग्न होऊन बदलापूरला आले. आता घरात टीव्ही आहे, चॅनेलंही ढिगाने. लोक म्हणतात, विसर आता, बाईंचा हेतू वाईट नसेल. नसेलही. मी विसरणार नाही. टीव्हीवर आमच्या वस्तीचं, आमच्या माणसांचं खोटं दाखवलं की मी मुलांना सांगते, हे खोटं आहे. मुलं वैतागतात. वैतागू देत. दुसऱ्याने लिहिलेलं खोटं माझ्या बापाबद्दल मी एकदा या तोंडाने बोलले आहे. पुन्हा बोलणार नाही, आणि माझ्या मुलांनाही बोलू देणार नाही.