दोघांच्या वजनाची चैन

वैजीनाथानं अकरा हंगाम ऊस तोडला अन बाराव्याला कंबरेनं त्याला घरी बसवलं. तवापासून तो बोरीत विहिरीवरची इंजनं दुरुस्त करायचा. ग्रामसेवकाची जुनी फटफटी त्यानं घेतली होती. तिचं दुखणंखुपणं तो स्वतःच बघायचा. दुसऱ्याच्या हाताला ती बधतच नव्हती.

संक्रांतीच्या आगंमागं राहुरीकडनं कार्ड आलं. लेक सत्यशीला टोळीबरोबर ऊसतोडीला गेली होती, ती तिथंच पाचटाच्या कोपीत बाळंत झाली. पोरगी. कार्ड पोचेस्तोवर आठ रोज झालेले. वाट अडीचशे किलोमीटरची. मागच्या साली त्याची बायको कडूबाई यष्टीनं लेकीला भेटायला गेली, तर टोळी दुसऱ्या शिवारात हललेली. दोन रोज फाट्यावर बसून बाई तशीच माघारी आली. म्हणून या बारीला फटफटीनं जायचं, शिवारा-शिवारात हुडकायचं. पण वैजीनाथानं ठरवलं, एकट्यानंच.

"तुमी जाऊन काय करणार?" कडूबाई म्हणाली. "बाळंतिणीला न्हाऊ घालणार का लेकराला शेक देणार?"

"बगून येतो. लाडू देतो."

"लाडू तर टपालवाला बी देईल."

"अगं, फटफटी थकली, मी थकलो. तुला घेऊन आमी दोघंबी जालन्याच्या म्होरं जात न्हाईत."

कडूबाई लाडवाचं गठुडं बांधाय लागली.

सकाळपासून तो अंगणात उकिडवा. सायलेन्सर गोवऱ्यांच्या जाळात टाकून आतली काजळी जाळली. प्लग घासला. चैन राकेलात धुतली, मग फुटक्या परातीत ग्रीस तापवून त्यात बुडवली. दर दोन कामांमागं कंबर धरून भिताडाला टेकायचा. उद्या दिवसभर खड्ड्यांतनं जायचं, या इचारानंच त्याचा आजचा जीव अर्धा झाला होता.

शेवटी चैन चढवली. आता तिचा झोल, ती किती सैल ऱ्हाती ते, बघायचा. रिकाम्या गाडीवर ताणलेली चैन माणूस बसला की तारंसारखी होती अन वाटंत तुटती, हे तो एकदा येलदरीच्या रस्त्याला शिकला होता. आठ मैल गाडी ढकलत आलेला. म्हणून बसायला माणूस लागतो.

"जरा बस गं सीटवर. वजनाला."

कडूबाई आली अन बसली ती मागच्या सीटवर, पदर खोचून.

"मागं कामून? म्होरं बस. मी एकटा जायलाव."

"माझी जागा हीच हाय."

"उतर."

"न्हाई उतरत. अवं छबूबाई! या जरा हिकडं!"

शेजारची छबूबाई भाकरीच्या पिठाच्या हातानं आली. "काय झालं वं?"

"म्होरं बसा. यांच्या जागी वजनाला कुणी तरी पायजे."

छबूबाई अंगानं भरलेली. ती बसली तशी फटफटी कण्हली. "भावजी," ती हसत म्हणाली, "तुमच्यापरीस मीच गाडीला जड व्हयीन."

"जड झालं तर बरंच," कडूबाई म्हणाली. "लाडवाचं गठुडं बी धरलं त्यात."

वैजीनाथ पाना हातात धरून बसून राहिला. चैन ताणून तट्ट झाली होती. एकट्यापुरती ठेवायची तर कडूबाई हटत न्हाई, अन हिला उठवायला त्याच्यात त्राण न्हाई. फाट्यावरनं माघारी आलेली कडूबाई त्याला आठवली. त्या दिवशी ती चपला न काढताच घरात येऊन बसली होती, अन त्यानं इचारलं बी नव्हतं.

त्यानं मागच्या चाकाचा नट सैल केला. डावीकडं अर्धा आटा, उजवीकडं अर्धा आटा. दोन बोटांनी चैन खालीवर करून बघितली. झोल बसला.

"जालन्यात थांबायचं," तो खाली मान घालून म्हणाला. "दर वीस मैलाला थांबायचं. कुरकुर करायची न्हाई."

"करते कोण?"

छबूबाई उतरून तव्यावरच्या भाकरीकडं पळाली. कडूबाई मातर उतरली न्हाई. त्यानं नट पुरता आवळला, वरनं एक हिसडा दिला, तवा ती खाली आली, त्याच्या हातातला पाना घेतला अन घरात नेऊन ठेवला.