रिकामी सीट

आमची आत्या उभा जन्म बसमध्ये कंडक्टर होती. नोकरी संपली, आवाज मात्र तसाच खणखणीत राहिला. किल्ला बघायला गेलो, तर अरुंद जिन्यात गर्दी तुंबलेली. आत्या कडाडली, "पुढे सरका, पुढे जागा आहे!" अनोळखी माणसंही निमूट सरकली.

वर दरबारात दोरीपलीकडे राजाचं सिंहासन होतं. अलीकडे माझी आई गुडघे धरून उभी होती.

"सीट रिकामी आणि आमच्या वहिनी उभ्या?" आत्या पहारेकऱ्यावर उखडली.

"मावशी, ती राजाची जागा आहे."

"तुमचा राजा केव्हाच उतरला!"

पहारेकऱ्याने एकदा सिंहासनाकडे पाहिलं, एकदा आत्याकडे, आणि मुकाट्याने स्वतःची खुर्ची उचलून आईपुढे ठेवली.