पुतळ्याचं भाडं

नागपूरच्या कळमना बाजारातला व्यापारी पहिल्या भावाला हो म्हणाला, तर त्याला स्वतःचीच लाज वाटते. बाबारावांच्या डाळमिलमध्ये कामगारांना प्रथमोपचार शिकवायला रामदासपेठेतून हिमानी मॅडम येणार होत्या, तेव्हाही घासाघीस झालीच. शिकवण्याचे पैसे वेगळे, आणि छाती दाबायचा सराव करायला रबरी पुतळे आणायचे, त्यांचं भाडं वेगळं.

"पुतळे राहू द्या, मॅडम. तोंडीच सांगा. आमचे लोकं काही बुद्दू नाही, आयकून समजते त्यायले."

मॅडम नाही नाही म्हणत होत्या, पण शेवटी पुतळ्यांशिवायच सौदा पटला. बाबाराव तो चार दिवस मिरवत होते.

उन्हाळ्यात सुखदेव हमाल पोतं उतरवता उतरवता कोसळला. मुकादम जितेंद्र धावला, शिकवल्याप्रमाणे गुडघ्यावर बसून त्याची छाती दाबत राहिला. तरी सुखदेव गेला. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, वाचलाच असता असं काही सांगता येत नाही. त्या एका वाक्याला धरून बाबाराव कसेबसे झोपत.

तेरवी झाल्यावर त्यांनी मॅडमना पुन्हा बोलावलं, भाव न विचारता. या वेळी पुतळे आले. पहिला जितेंद्र बसला.

"आणखी जोरात," मॅडम म्हणाल्या.

त्यानं सगळा भार टाकला, तेव्हा कुठे दाब पुरेसा झाल्याची खूण म्हणून पुतळ्याच्या छातीत कट्‌ वाजलं. जितेंद्रचे हात तिथंच थांबले. त्यानं मान वर करून मालकाकडे पाहिलं.

"इतकं जोरानं दाबा लागते का, शेठ? मी तर त्याले दुखन म्हणून हळूहळू दाबून राहिलो होतो."