पहिल्या वळणावरची मिसाओ

मिसाओ तोगाशीचे पाय आईच्या वळणावर गेले होते. आई साकाता बंदरातल्या तांदळाच्या गोदामात हमाली करायची. पोतं पाठीवर टाकून होडीची फळी अशी चढायची, की समोरचा आपसूक वाट सोडायचा. लेकीच्या पोटऱ्या बघून ती म्हणायची, "बाई गं, हे पाय बघून कोण करून घेणार तुला? गोदामवाले मात्र आजच्या आज नेतील!"

गोदामवाल्यांच्या आधी तिला नेलं शाळेतल्या इतागाकी सरांनी. साकाताला हिवाळाभर मैदान बर्फाखाली. मग सर पोरींना वर्गांसमोरच्या लाकडी बोळात पळवायचे. बोळ आखूड, टोकाला भिंत आणि भिंतीला टेकवलेल्या जुन्या गाद्या. गोळीसारखं सुटायचं आणि जाऊन गाद्यांवर आदळायचं. त्या हिवाळ्यांत मिसाओ सुटायला शिकली. पोचायला शिकायचं तेवढं राहून गेलं.

शाळा संपल्यावर गिफू शहरातल्या एका सूतगिरणीनं तिला घेतलं. सकाळी गिरणीत काम, दुपारनंतर धावण्याचा सराव. शंभर मीटरला बार उडाला की मिसाओ सगळ्यांच्या पुढे. निम्म्या वाटेपर्यंत तिच्या आसपास कुणी नसायचं. मग मागून एक यायची, तिच्या पाठोपाठ दुसरी. राष्ट्रीय स्पर्धेत ती एकदा तिसरी आली, पुढच्या वर्षी चौथी. "तोगाशी, अजून संपली नाही शर्यत!" प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडायचं आणि हशा पिकायचा. ती वरवर हसायची. वसतिगृहाच्या न्हाणीघरात मात्र गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसून रडायची. तिथं ओला चेहरा सगळ्यांचाच असतो.

एके दिवशी गिरणीचे प्रशिक्षक कुसाकाबे म्हणाले, "उद्यापासून तू रिलेत. पहिली."

मिसाओ त्यांच्या मागोमाग गेली. "सर, फोटो शेवटच्या मुलीचा छापतात. पहिलीचं नाव तरी कुणाला आठवतं?"

"मग नाव आठवण्यासाठी लग्नपत्रिका छाप," सर म्हणाले. "मला वळणावर पुढे राहणारी पोरगी हवीय. बास."

दुसऱ्या टप्प्याला चिझुरू होती, मिसाओची खोलीतली सोबतीण. अंगानं काडी, जिभेला हाड नाही. "तू आलीस ना, की मागून बैल उधळल्यासारखं वाटतं मला," ती म्हणायची. "बॅटन घेऊ की झाडावर चढू?"

"आधी हात तरी सरळ धर, मग चढ," मिसाओ फणकारायची.

भांडत भांडत दोघी बॅटन द्यायच्या, घ्यायच्या. जेवणाच्या टेबलावरसुद्धा चॉपस्टिक मागून हातात ठेवायचा सराव चालायचा. पुढे पुढे मिसाओनं नुसतं "हाय!", म्हणजे "घे!", म्हटलं, की न बघता चिझुरूचा पंजा नेमका जागेवर यायचा. वळण संपलं की आपलं काम संपलं, हे एकदा अंगवळणी पडल्यावर मिसाओची झोपही सुधारली.

मग परदेशात, मनिलाला स्पर्धा होती. अंतिम शर्यतीत मिसाओ अशी सुटली, की वळण कधी संपलं हे तिलाही कळलं नाही. बॅटन हातातून गेली, चिझुरू दिसेनाशी झाली. मिसाओ मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला धापा टाकत उभी राहिली. शेवटची रेघ लांब होती आणि मध्ये फोटोवाल्यांचा घोळका. आरडाओरडा झाला, पण जिंकलं कोण?

जवळच निशाण धरून एक म्हातारा पंच उभा होता. भाषेचा प्रश्नच होता. तिनं खुणेनं विचारलं. त्यानं हसून एक बोट वर केलं.

एक मिनिट थांब म्हणतोय, असं समजून मिसाओ थांबली. त्यानं पुन्हा बोट नाचवलं. तिनं नम्रपणे कमरेत वाकून मान डोलावली आणि आणखी थांबली. तेवढ्यात चिझुरू गवतातून किंचाळत धावत आली. "अगं गाढवे, इथं काय बस येणार आहे का? पहिल्या आलोय आपण!"

तेव्हा मिसाओ मटकन खाली बसली आणि सगळ्यांच्या देखत भोकाड पसरून रडली.

पुढच्या वर्षी मांडीचा स्नायू फाटला. बरा झाला, पण पहिल्यासारखं सुटणं जमेना. मिसाओनं बूट बांधून ठेवले आणि ती गावी परतली. स्थळं येऊ लागली. तातामीच्या, म्हणजे घरात जमिनीवर बसवायच्या जाडजूड चटया बनवणारा ओबाता बघायला आला, तेव्हा आईनं तिला पायघोळ किमोनोत नखशिखांत गुंडाळलं होतं. चहा घेता घेता तो म्हणाला, "धावायच्या, असं ऐकलंय. पाय भक्कम असतील तर बरंच. चटई उचलताना दुसरं टोक धरायला कुणी नाही मला."

आईनं घाईघाईनं लेकीच्या किमोनोचा काठ खाली ओढला. मिसाओ खळखळून हसली आणि तिथंच होकार देऊन बसली.

आता ओबाता थकलाय आणि दुकान मुलगी बघते. गावच्या क्रीडादिनाला बार उडवायचा मान मिसाओचा. कुणी आधी सुटलं, तर वयाचा मुलाहिजा न ठेवता परत बोलावते.

दर शरदात चिझुरू गिफूहून येते. दोघी नदीकाठी चूल मांडून अळकुड्या आणि डुकराच्या मटणाचा रस्सा करतात, मिसो हे सोयाबीनचं खारट वाटण घालून. "मिसो जास्त झाला," चिझुरू म्हणते. "तुमच्याकडे चवीचा पत्ता नाही, म्हणून तुला तसं वाटतं," मिसाओ म्हणते आणि न विचारता तिचा वाडगा पुन्हा काठोकाठ भरते.